पाव फेऱ्याचा व्हॉल्व्ह: प्रस्तावना

बांबूत वाळू असते. मातीतून पाण्याबरोबर वर चढलेली सिलिका पेरापेरांत साठते, आणि बांबू तोडताना कोयत्याची धार लवकर जाते ती तिच्यामुळेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला मानवेल ट्रकमध्ये भरून कागद कारखान्यात गेला की त्याच्याबरोबर ही सिलिकाही जाते. चिप्सबरोबर डायजेस्टरमध्ये उतरते, कॉस्टिकमध्ये विरघळते, काळ्या द्रावाबरोबर पाइपांत फिरते, आणि जिथे द्राव आटून घट्ट होतो किंवा प्रवाह मंदावतो तिथे खपली धरून बसते. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसते, पंपाच्या केसिंगमध्ये बसते आणि व्हॉल्व्हमध्येही बसते. मग रात्रपाळीचा फिटर हँडलला हातभर पाइप लावून लोंबकळतो, व्हॉल्व्ह तसूभर हलत नाही, आणि सकाळच्या लॉगबुकात एकच शब्द उरतो: जाम.

प्लग व्हॉल्व्हची ओळख करून देणारी पुस्तके बहुतेक प्रेशर क्लासपासून सुरू होतात. 150, 300, 600, मग धातूंचे तक्ते, मग फ्लँजची मापे. ते सगळे लागतेच, आणि या पुस्तिकेतही पुढे आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आयटीआयमधून बाहेर पडून इथल्याच कारखान्यांत मेंटेनन्सला लागणाऱ्या मुलांसाठी ही पुस्तिका आहे, म्हणून मी वाचकाला सुरुवातीलाच दुसऱ्या टोकाकडे नेणार आहे. लाइनमधून जे वाहते त्यात घाण काय आहे, ती कुठे बसते, कशाने घासते, थंड झाल्यावर काय होते, हे आधी विचारायचे. प्रेशर विचारायचे ते नंतर. दाब कमी असूनही महिन्याभरात वाया गेलेले व्हॉल्व्ह या भागात जितके आहेत, तितके दाबाने फुटलेले नाहीत, असे माझे मत आहे. हा नियम सगळ्याच व्हॉल्व्हना लागू पडतो, पण प्लग व्हॉल्व्हला सर्वांत जास्त, कारण त्याची निवडच मुळात घाणेरड्या द्रवासाठी होते.

आधी वस्तू ओळखून घेऊ. बॉडीत एक गट्टू असतो, त्याला आरपार भोक. गट्टूचे भोक पाइपाच्या रेषेत आले की वाट मोकळी, पाव फेरा दिला की वाट बंद. गट्टू निमुळता असतो किंवा सरळ नळकांड्यासारखा. एवढीच रचना, आणि ती फार जुनी आहे. रोमन लोकांच्या शिशाच्या पाणीनळांवर काशाचे असे कॉक असत. पाँपेईच्या उत्खननात ते सापडले आहेत. लांब कशाला जायचे, ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे त्यांनी त्याची पितळी तोटी उलटी करून पाहावी. खाली नट, वर कान, मधे निमुळता गट्टू. गॅसच्या शेगडीचे बटणही आतून तेच असते. ते घट्ट फिरायला लागले की शेगडी दुरुस्त करणारा माणूस पितळी गट्टू बाहेर काढतो, जुने वाळलेले ग्रीस पुसतो, नवे लावतो आणि परत बसवतो. ते काम एकदा जवळून पाहिले की ल्युब्रिकेटेड प्लग व्हॉल्व्हचे निम्मे प्रकरण वाचून झाले असे समजावे.

उरलेले निम्मे असे. धातूवर धातू घासून चालणारा निमुळता गट्टू घट्ट बसवला तर फिरत नाही, सैल बसवला तर गळतो. हा पेच शंभरएक वर्षांपूर्वी स्वेन नॉर्डस्ट्रॉम या स्वीडिश अभियंत्याने सोडवला. त्याने गट्टूवर चऱ्या पाडल्या आणि दांड्याच्या वरच्या टोकातून दाबाने सीलंट आत सोडायची सोय केली. हे सीलंट तीन कामे करते. गट्टू आणि बॉडी यांच्यातली फट भरते, घर्षण कमी करते, आणि गट्टू अडकलाच तर त्याच्या खाली जाऊन त्याला केसभर वर उचलते. तिसरे काम फार मोलाचे आहे. जाम झालेल्या व्हॉल्व्हला हातोडा मारण्याआधी सीलंट गन लावा, दाब चढू द्या, दोन मिनिटे थांबा, मग पाना लावा. उचलला गेलेला गट्टू सुटल्याचे हाताला कळते. हातोड्याने तो सुटेल कदाचित, पण दांडा वाकेल आणि ग्लँड गळू लागेल.

सीलंट भरताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असावा. अर्ध्यात असताना भरले तर चऱ्या प्रवाहासमोर उघड्या पडतात आणि माल लाइनमध्ये वाहून जातो. आणि सगळीकडे एकच सीलंट चालत नाही. तेलाच्या लाइनवर तेलात विरघळणारे सीलंट भरले तर ते आठवड्यात धुऊन निघते. पाण्याला वेगळे, तेल-वायूला वेगळे, ॲसिडला वेगळे. स्टोअरमध्ये सगळ्यांच्या कांड्या एका खोक्यात टाकलेल्या असतात आणि पाळीवरचा माणूस जी हाताला लागेल ती उचलतो. हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहे, म्हणून कुठल्या एका कारखान्याचे नाव घेण्यात अर्थ नाही.

आता बल्लारपूर. वर्धा नदीच्या काठी 1945 साली बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉबोर्ड मिल्स स्थापन झाली, 1975 साली तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले, लोकांच्या तोंडी बिल्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तो 1982 साली चंद्रपुरातून निघाला. दोन्हीकडच्या जंगलातला बांबू अनेक दशके या कारखान्याचा मुख्य कच्चा माल होता, आणि तो किती स्वस्तात मिळत होता हा या भागातला जुना कडवट विषय आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा त्या विषयाला नवे वळण लागले. व्हॉल्व्हच्या पुस्तिकेत हे कशाला, असे कुणी विचारेल. पाइपातला माल कुठून येतो आणि कुणाचा आहे हे फिटरला ठाऊक असले तर बिघडत नाही, एवढेच माझे उत्तर.

कागदाचा लगदा करायच्या क्राफ्ट पद्धतीत बांबूच्या चिप्स डायजेस्टरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पांढऱ्या द्रावात, साधारण 165 ते 170 अंश सेल्सिअसला शिजवतात. लगदा वेगळा होतो आणि मागे उरतो तो काळा द्राव: त्यात लाकडातले लिग्निन, वापरलेली रसायने आणि बांबूची सिलिका. धुऊन निघालेला काळा द्राव पातळ असतो, घन भाग शंभरात पंधराच्या आसपास. तो आटवत आटवत पासष्टच्या वर नेतात आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात, म्हणजे वाफही मिळते आणि रसायनेही परत मिळतात. भट्टीखाली वितळून साचलेला क्षार पाण्यात विरघळवला की हिरवा द्राव, त्यात चुना घातला की पुन्हा पांढरा द्राव आणि खाली चुन्याचा गाळ. लाकडावर चालणाऱ्या गिरण्या हा गाळ भाजून त्याचा परत चुना करतात. बांबूच्या सिलिकेने तो गाळ बिघडतो आणि पुन्हा पुन्हा भाजून वापरणे अवघड होते. असा गाळ सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतो, आणि घुग्गुस, गडचांदूर, आवारपूरच्या चिमण्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत.

या एका चक्रात प्लग व्हॉल्व्हचे जवळजवळ सगळे प्रकार भेटतात, म्हणूनच पुस्तिकेतली उदाहरणे कागद कारखान्याभोवती फिरतात.

लगद्याच्या लाइनवर गेट व्हॉल्व्ह लावून पाहा. गेट जिथे टेकते त्या खालच्या खाचेत तंतू साचत जातात, काही दिवसांनी गेट शेवटच्या बोटभर अंतरावर थांबते आणि लाइन पूर्ण बंदच होत नाही. फिटर म्हणतो, "पास होऊन राहिला जी." बॉल व्हॉल्व्हला अशी खाच नसते, पण बॉल आणि बॉडीच्या मधल्या पोकळीत लगदा शिरतो, तिथेच वाळतो आणि बॉल आवळून धरतो. यावर जे उत्तर निघाले तेही कागदाच्याच गावातून. अमेरिकेत मिनेसोटामधल्या सार्टेल या कागद गिरणीच्या गावी डिझुरिक कंपनी 1928 साली सुरू झाली आणि एक्सेंट्रिक प्लग व्हॉल्व्हशी तिचे नाव जोडले गेले. यात गट्टू पूर्ण नसतो, अर्धाच असतो, आणि त्याच्या फिरण्याचा अक्ष केंद्रापासून थोडा सरकवलेला असतो. उघडायला लागताच पहिल्या काही अंशांतच गट्टूचे तोंड सीटवरून अलगद सुटते, पुढचा सगळा फेरा न घासता होतो. बंद करताना अगदी शेवटी सीटवर दाबून बसतो. झीज थोडी, ताकदही थोडी लागते, सीलंटची गरज नाही.

फक्त बसवताना डोळे उघडे ठेवावे लागतात. गाळ किंवा तंतू असलेल्या आडव्या लाइनवर सीटची बाजू प्रवाह येतो त्या अंगाला हवी, दांडा आडवा हवा, आणि उघडल्यावर गट्टू बॉडीच्या वरच्या भागात जाऊन राहायला हवा. गट्टू खाली राहिला तर त्याच्याभोवती गाळ साचतो आणि पुढच्या वेळी तो बंद व्हायला नकार देतो. बॉडीवर 'सीट' असे ओतलेले असते. पण उभा दांडा दिसायला नीट आणि हँडल मारायला सोयीचा, म्हणून कंत्राटदाराची माणसे तो उभा बसवून मोकळी होतात. नवा व्हॉल्व्ह चढवताना मेंटेनन्सच्या माणसाने स्वतः उभे राहावे, ड्रॉइंग हातात घेऊन.

घट्ट काळ्या द्रावाची गोष्ट निराळी. तो गरम आहे तोवर वाहतो, थंड झाला की डांबर. इथे गट्टूभोवती टेफ्लॉनची स्लीव्ह असलेला व्हॉल्व्ह उपयोगी पडतो, आणि बॉडीला वाफेचे जॅकेट. स्लीव्ह गट्टूला चारी बाजूंनी कवळून धरते, मधे पोकळी उरतच नाही, त्यामुळे द्राव अडकून थिजायला जागा राहत नाही. हाच जॅकेटचा व्हॉल्व्ह वितळलेल्या गंधकावर आणि बिटुमेनवरही चालतो. टेफ्लॉनला दोन शत्रू आहेत. एक म्हणजे उष्णता: दोनशे अंशांच्या पुढे त्याच्यावर विसंबू नये. दुसरा शत्रू खर: वाळूचे कण स्लीव्हला खरवडतात, आणि एकदा लांब ओरखडा पडला की त्याच वाटेने द्राव पास होतो. म्हणून चुन्याच्या गाळावर स्लीव्हचा व्हॉल्व्ह टाकणाऱ्या डिझाइनवाल्याला मी चहा पाजून परत पाठवीन.

स्लीव्हवाल्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर तीन-चार ॲडजस्टिंग बोल्ट असतात. व्हॉल्व्ह पास होऊ लागला की ते थोडे थोडे, आळीपाळीने, सारखे आवळायचे. गट्टू खाली दाबला जातो, स्लीव्ह पसरते, गळती थांबते. एकच बोल्ट जोरात आवळला की गट्टू तिरका होतो, आणि सगळेच जास्त आवळले की व्हॉल्व्ह फिरायचा बंद होतो. ॲडजस्टिंग बोल्ट आणि बॉडीवरचे कव्हर धरून ठेवणारे बोल्ट शेजारीशेजारी असतात, कधी मापही सारखे. दाबाखालच्या कॉस्टिकच्या लाइनवर चुकून कव्हरचे बोल्ट सैल केले तर काय होते हे वर्णन करायची मला इच्छा नाही. सुरक्षेच्या प्रकरणात दोन्ही बोल्टांची चित्रे दिली आहेत, ती पाठ करावीत. परमिट, कुलूप, ड्रेन, व्हेंट, गॉगल आणि हातमोजे यांबद्दलही तिथेच आहे.

ॲसिड आणि ब्लीचिंगच्या लाइनी, तसेच वीज केंद्रांतल्या पाणी शुद्ध करणाऱ्या डीएम प्लांटच्या लाइनी, यांना आतून पूर्ण प्लास्टिकचे अस्तर दिलेले प्लग व्हॉल्व्ह लागतात. या विषयावर वेगळे सांगण्यासारखे फार नाही. अस्तर शाबूत तर व्हॉल्व्ह शाबूत. अस्तराला टाचणीएवढे भोक पडले की ॲसिड लोखंड आतून खाते आणि बाहेरून रंग तसाच चकचकीत दिसत राहतो.

चंद्रपूरकडे वळलो की राख येते. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, महानिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र, पाणी इरई धरणाचे. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख असते, आणि अशा केंद्रांत ती पाण्यात कालवून गाळाच्या रूपात तलावाकडे पाठवायची असेल तर मैलोगणती पाइप आणि त्यांवर व्हॉल्व्ह येतात. काही ठिकाणी नाइफ गेट लावतात, काही ठिकाणी प्लग. राखेचे कण बारीक पण टणक, त्यामुळे अर्धवट उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह सर्वांत आधी जातो: अरुंद फटीतून वेगाने जाणारा गाळ सीटची कड कापत सुटतो. साध्या प्लग व्हॉल्व्हने प्रवाह कमीजास्त करू नये हा नियम म्हणूनच राखेच्या लाइनवर दुप्पट कडक पाळायचा. तसे करणे भागच असेल तर हिऱ्याच्या आकाराचे किंवा व्ही आकाराचे तोंड असलेला गट्टू मिळतो, तो मागवावा.

बॉयलर पेटवताना लागणारे तेल टँकरमधून उतरवायच्या जागी ल्युब्रिकेटेड प्लग शोभतो. तेल जाड, उतरवायची घाई, आणि पाव फेऱ्यात उघडझाप. तीन वाटांचा व्हॉल्व्हही तेलाच्या फिल्टरवर दिसतो. एक फिल्टर साफ करायचा असेल तेव्हा तेल दुसऱ्याकडे वळवायचे. त्याच्या गट्टूचे भोक एल आकाराचे आहे की टी आकाराचे, आणि वळवताना मधल्या क्षणी दोन्ही वाटा बंद होतात की नाही, हे मागणीपत्रात लिहायलाच हवे. दोन्ही वाटा क्षणभर बंद झाल्या तर चालू पंपासमोर भिंत उभी राहते. ही एक ओळ लिहायची राहून जाते आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह ओरडतो.

गडचिरोलीत आता लोहखनिजही पाइपातून जाऊ लागले आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीचे खनिज हेडरीला दळून, पाण्यात मिसळून, सुमारे 85 किलोमीटर लांबीच्या स्लरी पाइपलाइनने चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला नेण्याचा प्रकल्प लॉईड्स मेटल्सने उभारला. या खाणीबद्दल जिल्ह्यात दोन मते आहेत आणि ती जंगल, जमीन व रोजगार यांच्याशी निगडित आहेत. त्यांचा निवाडा इथे होणार नाही. मेंटेनन्सच्या माणसाला मात्र हे ठाऊक असावे की लांब स्लरी लाइन थांबली की खनिज तळाशी बसू लागते, आणि चढ-उतारांच्या मुलखात ते खोलगट भागांत गोळा होते. अशा लाइनींवर जगभर ल्युब्रिकेटेड प्लग आणि धातूच्या सीटचे बॉल व्हॉल्व्ह दोन्ही वापरले गेले आहेत. प्लगच्या बाजूने बोलणारी गोष्ट ही की सीलंटचा थर बारीक कणांना फटीत शिरू देत नाही. विरुद्ध बाजूची गोष्ट ही की तो थर राखायला माणूस लागतो, वेळापत्रक लागते, आणि जंगलातल्या व्हॉल्व्ह स्टेशनवर पावसाळ्यात वेळेवर पोचणे हे कागदावर जितके सोपे दिसते तितके नसते.

मोठ्या मापाच्या प्लग व्हॉल्व्हला गिअर असतो तो ताकद वाचवण्यासाठी, आणि घाई टाळण्यासाठीही. पाव फेरा झटक्यात दिला तर वाहते पाणी अचानक थांबते, पाइपात हातोडा बसल्यासारखा आवाज येतो आणि कुठल्यातरी जुन्या सपोर्टचा वेल्ड सुटतो. पेट्रोलियम डेपोंमध्ये लागणारे एक्स्पांडिंग प्लग, एपीआय 599 आणि एपीआय 6डी या मानकांमधला फरक, चाचणीचे दाब, हे सगळे शेवटच्या प्रकरणांत थोडक्यात आले आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी तिकडे जावे.

वाचणाऱ्याने दुसऱ्या प्रकरणातली एक आकृती मात्र वगळू नये. प्लग व्हॉल्व्हचा पाना बऱ्याचदा सुटा असतो, चौकोनी टोकावर चढवायचा आणि काम झाले की काढून ठेवायचा. चौकोन म्हणजे पाना चार प्रकारे बसतो. म्हणून पाना पाइपाला समांतर दिसला म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, आडवा दिसला म्हणजे बंद, यावर भिस्त ठेवू नये. दांड्याच्या टोकावर एक रेघ कोरलेली असते, ती गट्टूच्या भोकाची दिशा दाखवते. रेघ पाइपाच्या दिशेत तर उघडा, आडवी तर बंद. शटडाऊननंतर रंगारी येतात आणि पाइपाबरोबर दांड्याचे टोक, सीलंटची निप्पल आणि नावाची पट्टी सगळे एकाच हिरव्या रंगात बुडवून जातात. पाळीवर येताना खिशात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवावा. निप्पलवरचा रंग आधी काढावा, कारण रंगाने बुजलेल्या निप्पलमधून गनचा दाब आत जातच नाही आणि सीलंट भरल्याची नोंद मात्र रजिस्टरात होऊन बसते.